कोकणात न सापडलेला भंगुरतारा

विनू,

काल तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत होते, तुझ्या बायकोच्या, सुमनच्या शेजारी. सुमनने माझा हात धरून ठेवला होता म्हणून बसून राहिले, नाहीतर तुझ्या प्राचार्यांचं भाषण ऐकून मी मधेच उठले असते. त्यांनी सांगितलं की तू अरबी समुद्राच्या तळाशी बुड्या मारून तिथला एक नवा प्राणी जगाला दिलास. तुला पोहता येत नव्हतं. लहानपणी साक्रीला नदीला गुडघाभर पाणी आलं की पलीकडे जाताना तुझा हात मला धरावा लागायचा. पण सभागृहात टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या, आणि वाजवणाऱ्यांतले काही जण प्राणिशास्त्र शिकवतात.

मग जाहीर झालं की प्रयोगशाळेला तुझं नाव देणार. संगमरवरी पाटी बसवणार, मंत्रिमहोदयांच्या हस्ते तिचं अनावरण होणार. पाटीवरचा मजकूरही वाचून दाखवला. ‘अरबी समुद्रातील नव्या प्राण्याचे संशोधक’ असं तुझ्या नावाखाली येणार आहे. सभा संपल्यावर वार्षिकांकाचे संपादक माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही मोठ्या भगिनी. स्मृतिविशेषांकासाठी चार भावपूर्ण ओळी लिहून द्या.” मी हो म्हटलं. भावपूर्ण होतील की नाही ते मला सांगता येणार नाही. तू गेल्यापासून माझ्याजवळ राग सोडून दुसरं काही शिल्लक नाही, आणि रडायला बसले की तेवढ्यात कुणीतरी असं भाषण करतं आणि रडणं राहून जातं.

तू कधी जन्मलास, कुठे शिकलास, कुठल्या समित्यांवर होतास, ते सगळं संपादक स्वतःच लिहिणार आहेत. चुकीचं लिहितील, पण लिहोत बिचारे. मी त्या प्राण्याबद्दल लिहिणार आहे.

तू प्राणिशास्त्र घेतलंस तेव्हा आईला कुणीतरी सांगितलं की तुमचा मुलगा आता समुद्रातले प्राणी शिकवणार. आई आपल्या मुलाबद्दल गल्लीभर सांगत सुटली, “मन्हा आंडोर समुद्रना मास्तर शे.” गल्लीतल्या बायकांनी समुद्र पाहिला नव्हता, आईनेही नाही. मी तेव्हा धुळ्याला नवी नवी शिक्षिका झाले होते आणि मला याची फार लाज वाटायची. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायका भांडतात तिथे बसून हा समुद्र शिकवणार, म्हणजे काय करणार, असं मी तुला तोंडावर विचारलं होतं. तू म्हणालास, “अक्का, बरणीत भरून आणू.” आणि खरंच तेच केलंस आयुष्यभर.

दर वर्षी हिवाळ्यात तुझी सहल निघायची. जळगावहून पोरंपोरी घेऊन कोकणात जायचं, ओहोटीला खडकांत फिरायचं, सापडेल ते डब्यांत भरायचं आणि परत यायचं. येताना एसटीत तुमच्या डब्यांचा असा वास सुटायचा की कंडक्टर नाक धरून तिकिटं फाडायचा. त्यातले निम्मे प्राणी वाटेतच सडायचे. उरलेले फॉर्मलीनमध्ये बुडवून तू विभागाच्या कपाटात ठेवायचास. सहलीत जे मिळायचं नाही ते मद्रासकडचा एक पुरवठादार पार्सलने पाठवायचा. त्याच्याही बरण्या त्याच कपाटात असायच्या.

आणि मग यायचा तुमचा तो उन्हाळा. जळगावचा मे महिना काय असतो ते इथल्या वाचकांना सांगायला नको. झाकणं तडकायची, फॉर्मलीन उडून जायचं, जूनमध्ये कॉलेज उघडलं की बरणीच्या बुडाशी वाळलेलं काहीतरी चिकटलेलं दिसायचं. नवीन फॉर्मलीन मागितलं की ऑफिसातून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. म्हणून तुम्ही लोकांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. सुट्टी लागायच्या आधी प्रयोगशाळेतला दगाभाऊ लहान बरण्यांमधले प्राणी दोन-चार मोठ्या बरण्यांत एकत्र करायचा, काठोकाठ फॉर्मलीन ओतायचा, झाकण मेणाने बंद करायचा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचा. जूनमध्ये पुन्हा ज्याला त्याला त्याच्या बरणीत पाठवायचं. तुम्ही त्याला ‘ओतणी’ म्हणायचा. मी हे पाहिलं तेव्हा म्हणाले होते की ही सगळी लोणच्याची अक्कल आहे. तुला ते इतकं आवडलं की तू ते वर्गात सांगायचास.

त्या ओतणीनेच तुझा घात केला. पण ते नंतर कळलं.

एका जूनमध्ये कोकणातून आणलेला एक स्पंज तू त्याच्या बरणीत परत टाकत होतास. स्पंज म्हणजे समुद्रातला, भोकाभोकांचा, तोही प्राणीच असतो असं तू म्हणायचास आणि मी ते कधी मान्य केलं नाही. त्याच्या एका भोकात तुला एक भंगुरतारा अडकलेला दिसला. मधे चार आण्याच्या नाण्याहून लहान चकती आणि तिला फुटलेले पाच बारीक, काटेरी हात. हात लावला की तुटतात म्हणून नाव तसं. तू तो भिंगाखाली धरून आठवडेच्या आठवडे बसलास. काटे मोजलेस, चित्रं काढलीस, ती कलकत्त्याला एका जाणकारांकडे पाठवलीस. त्यांनी कळवलं की ओळख बरोबर आहे, पण हा प्राणी पूर्व किनाऱ्यावरचा, कोकणात मिळाल्याचं अजून कुणी लिहिलेलं नाही.

तू त्या रविवारी धुळ्याला आलास तेव्हा चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात आलास. मी भरतासाठी वांगी भाजत होते. तू म्हणालास, “अक्का, नवी नोंद.”

मी विचारलं, “म्हणजे नवीन प्राणी शोधलास का तू?”

“नाही गं. प्राणी जुनाच. तो कोकणात आहे, हे नवीन.”

मला ते समजेना. मग तू मला शाळेच्या भाषेत समजावलंस. म्हणालास, “तुझ्या शाळेत नाशिकहून बदलून एक बाई आल्या. म्हणजे त्या आज जन्मल्या का? फक्त तुझ्या हजेरीपटात आज आल्या. तसं.” मी म्हटलं, मग यात नाचण्यासारखं काय आहे. तू म्हणालास, “हजेरीपट बरोबर असला म्हणजे झालं. नाच मी थोडाच करतोय.” आणि वांग्याची साल काढता काढता नाचत होतास. तुझं ते तोंड मला आत्ताही दिसतं. त्या दिवशी मी तुला नावं ठेवली, पण शेजारच्या बाईंना दुसऱ्या दिवशी सांगून आले.

एका छोट्याशा नियतकालिकात ती नोंद छापून आली. जेमतेम पानभर. एवढ्यावर ते राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तुझे तेव्हाचे विभागप्रमुख, जे आज प्राचार्य आहेत, त्यांना कधी नव्हे तो विभागाचा अभिमान वाटू लागला. त्यांनी पत्रकारांना बोलावलं. पत्रकाराने लिहिलं की जळगावच्या प्राध्यापकाने समुद्रात नवा तारा शोधला, आणि त्याच्यावर छापला विभागप्रमुखांचा फोटो. मग सत्कार. व्यापारी मंडळाच्या सभागृहात शाल, श्रीफळ, केळीच्या खांबांची कमान. जो तो उठून खानदेशचं नाव सातासमुद्रापार गेल्याचं सांगत होता. एकालाही तो प्राणी पाहावासा वाटला नाही. बरणी टेबलावर होती, तिच्यावर हार ठेवले होते. त्या संध्याकाळी शहाणा प्रश्न एकच आला. कापडाच्या दुकानाचे मालक, ते राजस्थानी शेठजी, त्यांनी हार बाजूला करून बरणीत पाहिलं आणि विचारलं, “सर, हे खातात का?” तू म्हणालास नाही. ते म्हणाले, “मग इतकी माणसं कशाला जमली?” मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

पुढची काही वर्षं तू त्या नोंदीवर सुखाने जगलास. सुखाने म्हणजे, कुणी ‘शोध’ म्हटलं की तू ‘नोंद’ म्हणून दुरुस्त करायचास आणि समोरचा पुन्हा शोधच म्हणायचा. तुला याचा राग यायचा नाही. मला यायचा. मूर्ख माणसांशी तू ज्या सौजन्याने बोलायचास ते माझ्या डोळ्यांत खुपायचं, आणि अजूनही खुपतं.

मग तो प्रात्यक्षिकाचा दिवस आला. मद्रासकडून पूर्वी आलेला एक जुना स्पंज कपाटात पडून होता. तू तो एका मुलीला कापायला दिलास. तिने मधोमध चिरला आणि आतल्या पोकळीतून भंगुरतारा बाहेर पडला. त्याच जातीचा, काट्यांसकट. तू दगाभाऊला बोलावून विचारलंस की हा स्पंज आणि आपला कोकणातला स्पंज, त्या वर्षीच्या ओतणीत कुठे होते. दगाभाऊने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “सर, त्या दोन्ही एकच बरणीमा व्हतात ना. मोठी बरणी तवा एकच धड व्हती.”

म्हणजे झालं असं की पुरवठादाराच्या स्पंजात बसून तो तारा मद्रासकडून जळगावला आला, महिनाभर कोकणच्या स्पंजाबरोबर एका बरणीत उन्हाळा काढला, आणि बरणी हलवताना एका घरातून निसटून दुसऱ्या घरात जाऊन अडकला. तुझी ओळख बरोबर होती, पत्ता चुकला होता. अशी चूक समुद्राकाठचा माणूस करणार नाही. तिथे कुणी बरण्या मे महिन्यासाठी एकत्र नांदवत नाही.

तू शनिवारी धुळ्याला आलास. जेवला नाहीस. मी विचारलं, काय झालं, तर सगळं सांगितलंस. मी म्हटलं, “मग कोकणात नसेलच असं कशावरून? असेलही.”

“असेलही,” तू म्हणालास. “पण मी पाहिला नाही. मी लिहिलंय की पाहिला.”

“कुणाचं काय बिघडतं रे? एवढासा प्राणी. त्याच्या पत्त्यावाचून कुणाचं पत्र अडलंय?”

तू ताट बाजूला सारलंस. मग म्हणालास, “अक्का, उद्या कुणीतरी माझं वाचून तिथे जाईल. दिवसभर खडकांत शोधील. सापडणार नाही. मग तो लिहील की पूर्वी इथे होता, आता नाहीसा झाला. जो नव्हताच त्याचं सुतक धरतील लोक.”

मी तुझ्यावर ओरडले. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते तू संपवून गेला नाहीस.

दिवाळीच्या सुट्टीत तू कोकणात निघालास, खात्री करायला. सुमनला ताप होता म्हणून तुझ्याबरोबर मी आले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो असा. तुला वाटलं असेल मी भारावून जाईन. मला तो फार आवाज करणारा आणि कुणाचंही न ऐकणारा वाटला, आठवीच्या वर्गासारखा. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकांमध्ये वाकून फिरत होतास, दगड उलटत होतास, पाहून झाल्यावर पुन्हा होता तसा ठेवत होतास. मी छत्री धरून तुझ्यामागे. मी तुला म्हटलं की दगड सरळ करण्यात वेळ का घालवतोस, तर म्हणालास, “खाली राहणारे असतात ना कुणी.” भरती आली की वर येऊन बसायचं, ओहोटी लागली की पुन्हा खाली. खेकडे दिसले, शंख दिसले, दुसऱ्या जातीचे भंगुरतारेही दिसले. तो काही दिसला नाही.

परत निघायच्या दिवशी तू खडकावर बसला होतास आणि तुझ्या पायाला खडकावरच्या कालवांचे शिंपले लागून रक्त आलं होतं. मी म्हटलं, “सापडला म्हणून सांग. मी होते बरोबर. मी साक्ष देईन.” तू माझ्याकडे पाहून हसलास. हसलास म्हणून मला जास्त राग आला. तू म्हणालास, “अक्का, तू मुख्याध्यापिका आहेस.” मी म्हटलं, “म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवतील.” मला ते अजूनही तितकंसं चुकीचं वाटत नाही, हे इथे लिहून ठेवते. माझा भाऊ मला एका काटेरी किड्यापेक्षा महत्त्वाचा होता. किडा म्हटलं की तू चिडायचास, म्हणून किडाच म्हणते.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. तिथे मी तुझ्याशी जेवढी भांडले तेवढी कुणाशी कधी भांडले नाही, आणि तेवढी चांगली सुट्टीही मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. नंतर तू दोनदा एकटा गेलास. मला विचारलं नाहीस, मीही येते म्हटलं नाही. विचारायला हवं होतंस.

मग तू ठरवलंस की नोंद मागे घ्यायची. चूक कशी झाली ते सरळ लिहून काढलंस आणि सर्वांत आधी विभागप्रमुखांना दाखवलंस, कारण तुला वाटत होतं की ते वरिष्ठ आहेत. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तक्रार कुणी केली?” तू म्हणालास, कुणीच नाही. ते म्हणाले, “मग?” तू पुन्हा सगळं समजावलंस. ते म्हणाले, “कॉलेजची तपासणी जवळ आलीय. आत्ताच तुम्हाला सत्य आठवलं?” तू घरी येऊन मला हे हसत हसत सांगितलंस. त्यांच्या त्या ‘मग’चा अर्थ तुला लागला नव्हता. पकडला गेल्याशिवाय कुणी काही परत करतो, हे त्या माणसाच्या कल्पनेत बसत नव्हतं.

स्टाफरूममध्ये तर काय, तुझी चंगळ झाली. चांगल्या नोंदीचं कौतुक करताना ज्यांनी एक पेढा खाऊन ढेकर दिला होता, त्यांना चूक मात्र बारकाव्यांसह पाठ झाली. काहींनी तर पसरवलं की तुझ्यावर कारवाई होणार होती, म्हणून तू आधीच शेपूट घातलंस. तू कुणाची छत्री परत केलीस की समोरचा विचारायचा, “सर, ही नक्की माझीच ना? का हीपण चुकीची नोंद?” आणि तू त्यांच्याबरोबर हसायचास. विभागप्रमुखपद पुढे रिकामं झालं तेव्हा ते तुझ्या हाताखालच्या माणसाकडे गेलं, आणि त्याच्या अभिनंदनाचं भाषण तू केलंस. मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का. तू म्हणालास, “वाटतं ना. पण भाषण चांगलं झालं.” अशा माणसाशी काय बोलायचं?

तोवर ते नियतकालिकच बंद पडलं होतं. तुझं दुरुस्तीचं पान तसंच परत आलं. दुसऱ्या एका नियतकालिकाने कळवलं की इतरांच्या चुका आम्ही छापत नाही. मग तू तुझ्या कॉलेजच्या वार्षिकांकाकडे गेलास, निदान कुठेतरी छापलेलं असावं म्हणून. तेव्हाच्या संपादकांनी सांगितलं, “सर, वार्षिकांक म्हणजे कॉलेजचा आरसा. त्यात असलं शोभत नाही.” त्या आरशात त्या वर्षी काय काय होतं ते मी पाहिलंय. प्राचार्यांची सात छायाचित्रं होती आणि वसंत ऋतूवर तीन कविता.

आणि मग ती यादी आली. कोकण किनाऱ्यावरच्या प्राण्यांची मोठी यादी कुणीतरी चांगल्या माणसाने तयार केली, आणि त्यात तुझा भंगुरतारा होता, तुझ्या नावासकट. तू ती मला आणून दाखवलीस. पुढे एका तरुण संशोधकाने तुला विचारलं की नेमक्या कुठल्या खडकांत शोधू. त्याला तू लगेच कळवलंस की शोधू नका. “एकाला कळवलं,” तू म्हणालास. “बाकीच्यांना कोण कळवणार?” मी म्हटलं, “सोड रे आता. समुद्राला काही फरक पडत नाही.” तू म्हणालास, “समुद्राला नाही पडत. यादीला पडतो.” आपलं त्यावरचं ते शेवटचं बोलणं. मी काहीतरी खोचक बोलायच्या तयारीत होते, तेवढ्यात सुमनने चहा आणला आणि विषय राहिला. त्यानंतर तू फार दिवस राहिला नाहीस.

हे सगळं प्राचार्यांना ठाऊक आहे, विनू. तू स्वतः सांगितलंस त्यांना, पहिल्यांदा त्यांनाच. तरी काल ते उभे राहिले आणि तू आयुष्यभर जी शाल परत करत हिंडलास ती तुझ्या फोटोवर पुन्हा घातली. तू जिवंत असतास तर हात वर करून म्हणाला असतास, “सर, नोंद, शोध नव्हे. आणि तीही चुकीची.” मेलेला माणूस दुरुस्ती करत नाही, म्हणून त्यांना तू आता फार आवडायला लागला आहेस. हा लबाडपणा असता तरी मी समजू शकले असते. पण मला वाटतं, त्यांना खरं आणि खोटं यातला फरक कधी महत्त्वाचा वाटलाच नाही, आणि असा माणूस शास्त्र शिकवतो, कॉलेज चालवतो, तुझ्यावर पाटी लावतो. मला त्यांची कीव करायची इच्छा आहे, पण अजून ती येत नाही.

आज ते पिंप्राळ्याला तुझ्या घरी आले होते, संपादकांना घेऊन. अनावरणाची तारीख मंत्र्यांकडून पक्की झालीय आणि पाटीसाठी, अंकासाठी तुझा चांगला फोटो हवाय. कॉलेजकडे तुझा धड फोटो नाही. काल ज्याला हार घातला तो ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, त्यात तू चोरासारखा दिसत होतास. मी त्यांना बसवलं आणि हा लेख इथपर्यंत वाचून दाखवला. संपादकांचा चहा तसाच गार झाला.

प्राचार्य म्हणाले, “ताई, भावना समजतात. पण हे छापता येणार नाही. त्यांच्या नावालाच कमीपणा येतो यात.”

मी काही बोलायच्या आत सुमन बोलली. प्राचार्यांसमोर ती कधी बोलली नव्हती, त्यांना चहा देतानासुद्धा पदर सावरून आत जायची. ती म्हणाली, “सर, शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. गॅस बंद केला का, आणि ते छापून आलं का. गॅसचं मी खरं सांगितलं. दुसऱ्याचं खोटं सांगितलं, छापून आलं म्हणून. आता ते खरं करून द्या, मग फोटो देते.”

मला हे माहीत नव्हतं, विनू. प्राचार्य घड्याळाकडे, मग पंख्याकडे, मग संपादकांकडे पाहत राहिले. मंत्र्यांची तारीख त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत असावी. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. लेख घेऊ. पाटीवरचा मजकूरही बदलू, नुसतं नाव ठेवू. ती दुरुस्ती मात्र शेवटी, बारीक टाइपात.”

मी म्हटलं चालेल. तू माझ्या जागी असतास तर त्यांचे आभार मानले असतेस. मी मानले नाहीत.

समुद्राला काही फरक पडत नाही, हे माझं मत अजून तसंच आहे. तू परत आलास तर पुन्हा भांडेन. पण सुमनने जे सांगितलं ते खोटं राहू देणं मला जमणार नाही. म्हणून संपादकांनी आता पुढच्या ओळी बारीक टाइपात घ्याव्यात, एकही शब्द न बदलता.

कोकण किनाऱ्यावर भंगुरताऱ्याची एक जात प्रथमच मिळाल्याची नोंद या कॉलेजातील प्राध्यापक विनायक यांनी पूर्वी प्रसिद्ध केली होती. ती नोंद चुकीची आहे. तो प्राणी मद्रासकडून आलेल्या स्पंजातून आमच्याच प्रयोगशाळेत कोकणच्या स्पंजात गेला. विनायक यांनी कोकणात जाऊन तो पुष्कळ शोधला. त्यांना तो मिळाला नाही. तिथून तो नाहीसा झाला, असे कुणीही समजू नये.